साहेबांच्या पुढे पळायचं नाही

आमच्या टाउनशिपच्या मागच्या भिंतीत एक लोखंडी गेट आहे. गेट म्हणायचं म्हणून. एका वेळी एक माणूस, तोही पिशवी छातीशी धरून, जाईल एवढंच. भिंतीच्या अलीकडे आमचे क्वार्टर, पलीकडे वस्ती. वस्तीतल्या बायका सकाळी त्या गेटातून आत येत, आमच्या पोळ्या लाटत, आमची भांडी घासत आणि त्याच गेटातून परत जात. मग कुणाच्या तरी बागेतला पितळी नळ चोरीला गेला आणि सुरक्षा विभागाने गेटाला कुलूप घातलं. नळ नेणारा पुढे सापडला. दोन ब्लॉक सोडून राहणाऱ्या एका अधिकाऱ्यांचा भाचा निघाला, सुट्टीला आलेला. त्यामुळे प्रकरण मिटलं. कुलूप मात्र तसंच राहिलं.

आमच्याकडे पोळ्या करायला येणारी मावशी मुलताईकडची. गेट उघडं होतं तेव्हा ती दहा मिनिटांत यायची. आता अख्ख्या भिंतीला वळसा घालून मेन गेटातून यायला तिला पाऊण तास लागायला लागला. आमच्या टाउनशिपमध्ये माणूस एक वेळ पेन्शनशिवाय राहील, पण जनरल शिफ्टला उशिरा जाणार नाही. साडेसातला डबा तयार म्हणजे तयार. मावशीची तीन घरं होती. एक घर या उशिरापायी आधीच सुटलं होतं. दुसरं सुटायच्या बेतात होतं आणि ते आमचं होतं.

"मी काही वाईट नाही," आई म्हणाली, "पण महिनाअखेरपर्यंत बघणार. पावणेसातच्या आत आली नाही तर मला दुसरी बाई बघावी लागेल. यांनी रोज कँटीनचं खायचं का?"

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. कॉलेजात असताना एका संघटनेत तीन वर्षं पत्रकं लिहिली होती आणि त्या शिक्षणावर माझा पूर्ण विश्वास होता. अन्याय दिसला की मला आधी मथळा सुचायचा. गेटावरही मी पत्रक लिहिलं. ए-फोर कागद, दोन्ही बाजू, मधे घडी. सात मागण्या. पहिली कंत्राटी पद्धत रद्द करा, दुसरी खाजगीकरण थांबवा, तिसरी आणि चौथी त्याच अंगाच्या. गेट पाचव्या नंबरावर होतं. मावशीला मी ते स्वयंपाकघरात वाचून दाखवलं. ती कणीक मळत शांतपणे ऐकत होती.

"गेटाचं कुठं हाय?" तिने विचारलं.

"पाचवी मागणी."

"अन् पयल्या चार कायले?"

"मावशी, मूळ प्रश्न तोच आहे."

"माहा मूळ प्रश्न साडेसातचा हाय, ताई," ती म्हणाली आणि पोळपाट पुढे ओढला.

मी मनातल्या मनात तिला माफ केलं. जनतेची जाणीव हळूहळू विकसित होते, असं आम्हाला शिकवलं होतं.

आणि त्याच आठवड्यात सर्क्युलर आलं. कारखान्यातर्फे दहा किलोमीटरची दौड. हेतू दोन. एक, टाउनशिपमध्ये 'सक्रिय नागरिकता' वाढीस लावणे. दोन, निधी उभारणे. शेवटची ओळ मी अजून विसरलेले नाही. "सभी अधिकारी एवं कर्मचारी स्वेच्छा से भाग लें। उपस्थिति अनिवार्य है।" प्रत्येक धावणाऱ्याने ओळखीच्यांकडून किलोमीटरमागे काही रक्कम कबूल करून घ्यायची, जितकं पळाल तितका निधी. आणि निधी कशासाठी? भिंतीपलीकडच्या कष्टकरी भगिनींना सायकली देण्यासाठी, कारण त्यांना कामावर फार लांबून यावं लागतं.

हे मी तीनदा वाचलं. लांबून का यावं लागतं, हे कुठेच नव्हतं. जणू वस्ती स्वतःच्या पायांनी लांब गेली होती. गेटाची किल्ली सुरक्षा विभागाच्या ऑफिसात खिळ्याला टांगलेली आहे, हे सगळ्या टाउनशिपला माहीत. ती काढायला हात वर करावा लागतो. त्यासाठी दोनशे माणसांनी टी-शर्ट शिवून घेऊन दहा किलोमीटर घाम गाळायची गरज नाही. पण हात वर करणं हे आमच्याकडे अवघड काम. पळणं सोपं, कारण ते सर्क्युलरमध्ये होतं.

बाबा दौडीच्या समितीत होते. ते प्लॅनिंगमध्ये इंजिनियर, त्यामुळे मार्ग मोजायचं काम त्यांच्याकडे आलं. दोन रविवार त्यांनी स्कूटरवरून मार्ग मोजला. आमच्या स्कूटरचा काटा थंडीत अडकतो, म्हणून तिसऱ्या रविवारी शेजारच्या काकांची स्कूटर घेऊन पुन्हा मोजला. संध्याकाळी ते वर्गणीचा कागद घेऊन शेजारी निघाले, मी सोबत.

"किलोमीटरला दहा रुपये लिहा," काकू म्हणाल्या. "पण भाऊजी, तुम्ही पळणार किती?"

"दहा किलोमीटर."

"तुम्ही? जिना चढायचा म्हणून तुम्ही आमच्याकडे हळदीकुंकवाच्या दिवशी खालूनच वहिनींना हाक मारता!"

"तो जिना आहे, वहिनी. हे सपाट आहे."

"मग वीस लिहा," काकू म्हणाल्या. "माझं काही जात नाही."

घरी येऊन बाबांनी नकाशा पसरला आणि मी पहिल्यांदा नीट बघितलं. मार्ग क्लबपासून निघून भिंतीच्या आतून जाऊन मागच्या गेटातून बाहेर पडत होता. मग वस्तीच्या कडेने मेन गेटातून परत.

"मागचं गेट?" मी म्हणाले. "ते तर बंद असतं."

"त्या दिवशी उघडणार. जीएम साहेबांची इच्छा आहे, दौड वस्तीच्या बाजूने जावी. जनसंपर्क."

"बाबा, मी तीन महिने विचारतेय, तर सुरक्षा विभाग म्हणतो तीन विभागांची संयुक्त परवानगी लागेल."

"लागते ना. घेतली. एका दिवसात झाली." बाबांना त्यात काही खुपलं नाही. त्यांना कार्यक्षमता दिसली.

दौडीच्या आधीच्या रविवारी, भिंतीच्या आतल्या आत, रंगीत तालीम होती. हो, पळण्याची. कारण आमच्याकडे पळण्याला क्रम असतो. सगळ्यांत पुढे सुरक्षा विभागाची मोटारसायकल, मग जीएम साहेब, मग त्यांच्या खालचे, मग त्यांच्या खालचे, शेवटी कुटुंबीय. छातीवरचे नंबरसुद्धा ग्रेडप्रमाणे. लेखी नियम कुठेही नव्हता. तरी कुणी कुणाला ओलांडत नव्हतं. जीएम साहेबांचं वय अठ्ठावन्न, गुडघा जुना, त्यामुळे दौडीचा वेग म्हणजे त्यांचा वेग. तालमीत एक नवा ट्रेनी, बिचारा कानपूरचा, शाळेत शर्यती जिंकलेला, तो सरळ सगळ्यांच्या पुढे निघून गेला. पुन्हा क्लबवर पोचला तेव्हा टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, सगळे अर्ध्या वाटेवर होते. दुसऱ्या दिवशी त्याला समजावण्यात आलं की स्पिरिट चांगलं आहे, पण दौड ही टीमवर्क आहे.

"हे काय आहे, बाबा?" मी म्हणाले. "ही दौड आहे की बढतीची यादी?"

"तू हस. पण दोनशे माणसं पळतात आणि एकही पडत नाही, हे व्यवस्थेमुळे."

माझी योजना तयार होती. कुटुंबीयांच्या गटात नाव घालायचं, दौड सुरू व्हायच्या आधी पत्रकं वाटायची आणि गेटापाशी पोचल्यावर जीएम साहेबांना सगळ्यांसमोर सात मागण्यांचं निवेदन द्यायचं. शहरात एम. पी. नगरच्या कोचिंग क्लासांच्या गल्लीत जाऊन तीनशे प्रती काढून आणल्या. मावशीला सांगितलं.

"सात कायले देतं? एकच सांग."

"त्यांना सगळं कळायला पाहिजे, मावशी."

"मोठ्या माणसाले सगळं सांगितलं की तो कायबी नाही करत. एक सांगितलं तं कदाचित करते." मग थांबून म्हणाली, "त्या दिवशी गेट उघडं राहीन न? मंग आमी तिकडूनच येऊ. वयनीले सांग, त्या दिवशी वेळेवर येतो."

जानेवारीतली सकाळ. तळ्यावरून येणारी थंडी, तोंडातून वाफ, आणि क्लबच्या पटांगणावर दोनशे माणसं एकसारख्या पिवळ्या टी-शर्टांत. टी-शर्टवर सक्रिय नागरिकतेचं बोधवाक्य, बऱ्याचजणांनी वरून स्वेटर घातल्यामुळे झाकलेलं. मी पत्रकं वाटली. लोकांनी अतिशय नम्रपणे घेतली. आमच्याकडचे लोक छापील काहीही नम्रपणे घेतात. उरलेला गठ्ठा मी नाश्त्याच्या टेबलावर ठेवला आणि पाच मिनिटांनी वळून बघते तर पोहे-जलेबीवाल्याने तो उचलून त्यावर पोहे द्यायला सुरुवात केलेली. कागद जाड होता, त्याचं कौतुकही झालं. कंत्राटी पद्धतीवर लिंबू पिळलं जात होतं आणि पाचव्या मागणीवर जलेबी ठेवलेली.

शिट्टी झाली. मी कुटुंबीयांत, म्हणजे शेवटच्या टोकाला. पुढे मोटारसायकल, तिच्या मागे जीएम साहेब डुलत डुलत, आणि त्यांच्या मागे अख्खा कारखाना त्याच तालात डुलत. मला गेटापर्यंत पुढे पोचायचं होतं. मी डावीकडून घुसले. एक काका पळता पळताच म्हणाले, "अगं बेटा, कुठे? पुढे साहेब लोक आहेत." मी उजवीकडून घुसले. तिथे बाबा होते. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. विनंती केल्यासारखे दिसले. तीन वर्षांनी रिटायरमेंट होती त्यांची. आणि मी, जी व्यवस्थेला ओलांडायला निघाले होते, ती गुपचूप परत आपल्या ग्रेडमध्ये जाऊन पळायला लागले. हे मी कुठल्या पत्रकात लिहिलेलं नाही. इथे लिहिते.

मागच्या गेटापाशी अचानक सगळं थांबलं. म्हणजे जागच्या जागी पळणं सुरू झालं, कारण साहेब जागच्या जागी पळत होते. मागच्यांना काही दिसेना. बातमी ग्रेडप्रमाणे मागे येत होती. "गेट बंद आहे." "नाही, उघडं आहे." "समोरून कोणी येतंय." ओळ मोडली, तेव्हा मात्र मी भिंतीला घसटून पुढे सरकले आणि मला दिसलं.

साडेसहा वाजून गेले होते. वस्तीतल्या बायकांची कामावर यायची वेळ. त्यांना गेट उघडं दिसलं आणि त्या आत निघाल्या. दौड बाहेर निघाली. आणि गेट एका माणसाचं. साहेब अलीकडे, मावशी पलीकडे, म्हणजे बरोब्बर गेटाच्या चौकटीत, हातात डब्याची पिशवी. तिच्या मागे तीसचाळीस बायका. मोटारसायकल आधीच वळसा घालून पुढे गेलेली, त्यामुळे सुरक्षा अधिकारी साहेबांच्या शेजारी पायी पळत होते, तेही जागच्या जागी.

"हटो, हटो बाई, दौड आ रही है," ते म्हणाले.

मावशी हटली नाही. साहेबांनाच म्हणाली, "साहब, पहले हम निकल जाएँ? डूटी का टैम है."

फोटोग्राफर होता. साहेब माणूस म्हणून सभ्य होते. म्हणाले, "हाँ हाँ, पहले आप."

मग एकेक बाई त्या चौकटीतून आत येत राहिली. पिशवी छातीशी, पदर खोचलेला, साहेबांकडे न बघता. आणि दोनशे नागरिक जागच्या जागी सक्रिय होते. शेवटची बाई आत आली तेव्हा मावशी साहेबांकडे वळली. एकच वाक्य बोलली.

"कल भी खुला रहेगा ना, साहब?"

"क्यों? रोज नहीं खुलता?" साहेबांनी सुरक्षा अधिकाऱ्यांना विचारलं.

"सर, बंद है. सर, आप ही के आदेश से."

कोणी हसलं नाही. आमच्याकडे साहेबांवर हसण्यालाही क्रम असतो. साहेब दोनतीन पावलं जागीच पळाले आणि म्हणाले, "तो खुलवा दीजिए भई." आणि गेटातून बाहेर पडले. त्यांच्या मागोमाग एकेक ग्रेड बाहेर पडत गेली. माझ्या हातातलं निवेदन घामाने भिजलं होतं. मी ते दिलं नाही. द्यायला काही उरलंच नव्हतं.

त्या दिवशी बाबांचा डबा सव्वासातला तयार होता. दौडीमुळे सुट्टी होती, तरी गेटापासूनच मावशीबरोबर घरी परतलेल्या आईने डबा भरून घेतला आणि दौड संपल्यावर आम्ही तो जेवायच्या टेबलाशी बसून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी गेट बंद.

मी सुरक्षा विभागात गेले. "तोंडी आदेश आहे, लेखी नाही," ते म्हणाले. "लेखी अर्ज आणा, रहिवाशांच्या सह्यांनिशी. मग पुट अप करू." मला मनस्वी संताप आला आणि त्या संतापात मी आयुष्यातला सर्वांत छोटा मजकूर लिहिला. मागचं गेट सकाळी आणि दुपारी उघडं ठेवावं. बस्स. मूळ प्रश्न वगैरे काही नाही. महिना संपायला पाच दिवस होते. मावशी पुन्हा सातनंतर येत होती आणि आई पुन्हा घड्याळाकडे बघत होती. दौडीत तीही होती, कुटुंबीयांत. तिने सगळं पाहिलं होतं. तरी डबा म्हणजे डबा.

कागद घेऊन मी घरोघर फिरले. सगळे तयार. "अरे, बिलकूल! आमच्या डोळ्यांदेखत झालं." पहिल्या काकांनी पेन घेतलं, कागदाकडे बघितलं आणि नवव्या ओळीवर सही केली.

"काका, वर जागा आहे."

"वरची सीनियर लोकांसाठी ठेव बेटा."

पुढच्यांनी दहाव्यावर केली. मग अकराव्यावर. दोन दिवसांत कागद खालपर्यंत भरला, मागची बाजूही अर्धी भरली, आणि वरच्या आठ ओळी कोऱ्याच. सीनियर लोकांकडे गेले तर ते म्हणाले, "जीएम साहेबांनी सही केली की मी लगेच करतो." जीएम साहेबांनी स्वतःच्याच नावाने लिहिलेल्या अर्जावर सही कशी करायची, हे कुणाला विचारणार? सुरक्षा विभागाने कागद उलटसुलट करून परत दिला. "वर कोणीच नाही? म्हणजे अर्जदार कोण?"

महिन्याची शेवटून दुसरी सकाळ. सात वीस. मावशी धापा टाकत पोळ्या लाटत होती, आई दारात उभी होती, बाबा बूट घालत होते. कागद टेबलावर पडला होता. मावशीने तव्यावरची पोळी उलटली आणि आईला म्हणाली, "वयनी, तुमी बघा दुसरी बाई. मी समजतो तुमचं."

बाबांनी एक बूट घातलेल्या अवस्थेत कागद ओढला. शर्टाच्या खिशातलं ऑफिसचं पेन काढलं. पहिल्या ओळीवर सही केली. फायलीवर करतात तशी, पूर्ण. खाली हुद्दा आणि स्टाफ नंबर.

"अहो," आई म्हणाली, "तुमच्या वर दोन ग्रेडचे लोक आहेत."

"असू देत."

"मग ते कुठे करतील सही?"

"मागच्या बाजूला जागा आहे," बाबा म्हणाले आणि दुसरा बूट घातला.

आई दारातून टेबलापाशी आली. मग तिने पेन मागितलं आणि दुसऱ्या ओळीवर सही केली. हुद्दा नव्हता, म्हणून क्वार्टरचा नंबर लिहिला. त्या दिवशी डबा सात चाळीसला तयार झाला आणि बाबा नोकरीत बहुधा पहिल्यांदाच पाच मिनिटं उशिरा पोचले. दुसऱ्या बाईचा विषय पुन्हा निघाला नाही.

कागद मी त्याच दुपारी दिला. दहा दिवसांनी सर्क्युलर निघालं. मागचं गेट सकाळी पावणेसहा ते आठ, दुपारी दोन ते चार उघडं राहील. आत येणारं-जाणारं मोजता यावं म्हणून तिथे लोखंडी फिरकी बसवली, सिनेमाच्या जुन्या थिएटरात असायची तशी. सायकलींचा कार्यक्रमही झाला, क्लबवर, शाल-श्रीफळासह. निळ्या सायकली, पुढे टोपली. आणि दुसऱ्या दिवशी बायकांच्या ध्यानात आलं की त्या फिरकीतून माणूस जातो, सायकल जात नाही. सायकलवर यायचं तर मेन गेटातून, वळसा घालून. म्हणजे सायकल असलेलीला लांबचा रस्ता आणि पायी चालणारीला जवळचा. हे मी सुरक्षा विभागाला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सायकल का सर्क्युलर अलग है." मावशीच्या सायकलीवर आता वस्तीत गोधड्या वाळत घालतात. ती फिरकीतून पायी येते, साडेसहाला.

पुढच्या वर्षी पुन्हा दौडीचं सर्क्युलर आलं. समितीत बाबांचं नाव नव्हतं. त्यांनी ते दोनदा वाचून घडी घालून ठेवलं. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं की गेल्या वर्षीच्या दौडीतून प्रेरणा घेऊन प्रशासनाने मागचं गेट जनतेसाठी खुलं केलं. मी स्वयंपाकघरात जाऊन ते मोठ्याने वाचून दाखवलं. माझा आवाज चढला होता. कोणाची प्रेरणा? कोण उभं राहिलं होतं गेटात?

मावशी गॅस बारीक करत हसली. "लिहू दे त्याहिले. चाबी अजून त्याहिच्याजवळच हाय." आणि मग, कारण सात वाजत आले होते, "भाजी कोणती करू ते सांग आधी."